मेजर लूसी स्मिथ यांचा चांदे-अहवाल आणि सुरजागडचा वाद

चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीसंबंधी मेजर लूसी स्मिथ यांनी १८६९ साली जो अहवाल सिद्ध केला, तो त्या प्रांताच्या इतिहासावर लेखणी उचलणाऱ्या कोणासही टाळता येत नाही. १९०९ चे जिल्हा गॅझेटियर, १९१६ साली निघालेला रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ, आणि त्यानंतर मराठीत झालेले बरेचसे लेखन या अहवालाच्या आधारावर उभे आहे. इतक्या जुन्या ग्रंथाचे परीक्षण आता कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, यातील कथा आता अभ्यासकाच्या मेजापुरत्या राहिल्या नाहीत. ज्या डोंगराचे खोदकाम चालू आहे, त्या डोंगराचा धनी कोण, या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्या साक्षीस ओढल्या जात आहेत. आणि जो साक्षीदार होऊन उभा राहिला, त्याची उलटतपासणी करणे हे संशोधकाचे कर्तव्यच होय.

सुरजागड हा डोंगर गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात आहे. हा मुलूख पूर्वी अहेरीच्या जमीनदारीत मोडे. डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. या भागातील माडिया गोंडांच्या श्रद्धेप्रमाणे तेथे ठाकुरदेवाचे स्थान असून दरवर्षी जानेवारीच्या आरंभी इलाक्यातील सुमारे सत्तर गावांचे लोक तेथे यात्रेस जमतात. २००७ साली या डोंगरावरील सुमारे ३४८ हेक्टर जमिनीचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीस मिळाला. २०१३ च्या जून महिन्यात कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची माओवाद्यांनी हत्या केली; २०१६ च्या डिसेंबरात खनिज वाहून नेणारी वाहने मोठ्या संख्येने जाळण्यात आली; २०२१ पासून मात्र पोलीस बंदोबस्तात खोदकाम नेटाने सुरू झाले. वार्षिक उत्खनन ३० लक्ष टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यासंबंधीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, तीही डोंगरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली येथे. चांद्याच्या लोखंडाची कीर्ती काही नवी नव्हे. फॉन श्वार्त्स यांच्या १८८२ च्या अहवालामुळे जमशेटजी टाटांचे लक्ष याच जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या टेकडीकडे वळले होते; योग्य दगडी कोळसा जवळ न मिळाल्याने तो बेत मागे पडला. त्या वेळी कोळसा नसल्यामुळे चांद्याचे डोंगर वाचले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता अहवालाकडे वळू. सुरजागडासंबंधी लूसी स्मिथ यांच्या लेखनाचा आशय असा : गोंडांच्या पूर्वी या प्रांतावर मानांचे राज्य होते, त्यांची बळकट स्थाने अहेरीतील सुरजागड व माणिकगडच्या डोंगरांतील माणिकगड ही होती, आणि सुमारे दोनशे वर्षे खडतर राज्य केल्यावर गोंडांनी त्यांस जिंकले. रसेल व हिरालाल यांनी मानांवरील आपल्या प्रकरणात ही हकीकत लूसी स्मिथ यांच्याच नावानिशी घेतली आहे. पुढील लेखक गॅझेटियर, रसेल व अहवाल असे तीन आधार दाखवून विधान बळकट झाले असे समजतात. वस्तुतः येथे साक्षीदार एकच आहे, आणि त्याने स्वतः काही पाहिलेले नाही. परंपरा असे सांगते, एवढेच तो म्हणतो. या सावधपणाबद्दल लूसी स्मिथ स्तुतीस पात्र आहेत. दोष आहे तो उतारा घेताना ‘परंपरा सांगते’ एवढे शब्द गाळणाऱ्यांचा.

तथापि जेथे लूसी स्मिथ यांनी परंपरेस सनावळी जोडली, तेथे त्यांचाही तोल गेला आहे. चांद्याच्या गोंड राजांची त्यांची वंशावळ इ. स. ८७० मध्ये भीम बल्लाळसिंगापासून सुरू होऊन १७५१ मध्ये नीलकंठशहापाशी संपते. राजे १९ आणि वर्षे ८८१. म्हणजे दर राजास सरासरी ४६ वर्षांहून अधिक! लढायांत व भाऊबंदकीत गुंतलेल्या कोणत्याही घराण्यास इतके दीर्घायुष्य लागोपाठ लाभल्याचे आमच्या पाहण्यात नाही. यात बाबजी बल्लाळशहाचा काल १४४२ ते १५२२ असा पडतो. परंतु अबुल फजल आपल्या आईन-इ-अकबरीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बाबजी हा १,००० स्वार व ४०,००० पायदळ बाळगणारा विद्यमान गोंड राजा म्हणून देतो. एका समकालीन ग्रंथकाराच्या साक्षीने वंशावळीचा हा खांब सत्तर-पाऊणशे वर्षांनी सरकतो. खांब सरकला की त्याच्या आधीची तुळई जागेवर राहत नाही. मग गोंडांपूर्वीची मानांची दोनशे वर्षे कोणत्या शतकात बसवावयाची? सुरजागडचा किल्ला मानांनी अमुक शतकात बांधला, असे जे ठाम आकडे देण्यात येतात, त्यांस या वंशावळीपलीकडे आधार नाही.

नावाच्या व्युत्पत्तीची गोष्टही अशीच. सुरजत बडवाईक नावाच्या मान सरदाराने गड बांधला, असे एक मत. उपर्युक्त वंशावळीत सुरजा बल्लाळसिंग नावाचा राजा आहे, त्यावरून गड गोंडांचा, असे दुसरे. आणि आम्हां संस्कृतज्ञांस तर ‘सूर्य’ शब्द समोर दिसत असता मोह आवरत नाही. उभी हयात धातू व प्रत्यय शिकविण्यात गेल्यामुळे हा मोह आम्ही जाणतो. परंतु व्युत्पत्तीपेक्षा रूढी बलवत्तर, हा मीमांसकांचा नियम शिकवून झाल्यावर आपणच तो विसरावा, हे बरे नव्हे. ठाकुरदेव म्हणजे शंकर की सूर्य, हे आमच्यापैकी कोणी ठरवू लागला, की माडिया माणसाच्या हातून त्याचा देव काढून घेऊन आपल्या कोशात घातल्यासारखे होते. ‘आम्ही हिंदू नव्हे, कोयतूर’ असे म्हणणारा तरुण वर्ग आज या जिल्ह्यात आहे, आणि धनोरा तालुक्यातील परसवाडीस रावणाची पूजा होते, याचे काही विद्वानांस आश्चर्य वाटते. आमच्या असल्या व्युत्पत्तींनीच त्या वादाला बरेचसे इंधन पुरविले आहे.

दुसऱ्या बाजूचीही तपासणी केली पाहिजे. बाबूराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये सुरजागडच्या डोंगरांतून इंग्रजांशी झुंज दिली, सबब हा डोंगर स्वातंत्र्ययुद्धाचे स्मारक होय, असे इलाक्यात मानतात. बाबूरावांचे शौर्य वादातीत आहे. अहेरीखालील मोलमपल्लीचे हे तरुण जमीनदार मार्च १८५८ मध्ये उठले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेवरील चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन दोन इंग्रज मारले गेले. आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास बाबूरावांस फाशी झाली. २००९ साली त्यांच्या नावाचे टपालाचे तिकीट निघाले. परंतु इंग्रजी कागदांत ठळकपणे येणारी रणक्षेत्रे राजगड परगणा व प्राणहितेचा काठ ही असून ती सुरजागडापासून दूर आहेत. लोकस्मृतीस आम्ही तुच्छ लेखीत नाही; पण स्मृती व दप्तर यांतील हे अंतर जो झाकील, त्याचा पक्ष पहिल्याच उलटतपासणीत उघडा पडेल. आणखी एक अडचणीची गोष्ट आहे. बाबूरावांस पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांचा हात होता, आणि इंग्रजांनी त्याबद्दल घोटकडील ६७ गावे त्यांस बक्षीस दिली. ज्या जमीनदारीच्या हद्दीत सुरजागड होता, तिचा विस्तार असा बाबूरावांच्या पक्षाच्या पराभवातून झालेला आहे. वीराचे नाव आणि जमीनदारीचे कागद या दोहोंवर एकाच वेळी हक्क उभारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

किल्ला ज्याचा त्याची जमीन, हे तत्त्व मान्य केले तर सुरजागड आधी मानांस द्यावा लागेल. मान हे गोंडांची पोटजमात की स्वतंत्र जमात, हा वाद या दोन जिल्ह्यांत घरोघर पोचलेला आहे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निवडणूक दाव्यात यादीतील ‘मान’ म्हणजे गोंडांपैकीच मान असा अर्थ केला. २००६ साली त्याच न्यायालयाने मान ही स्वतंत्र अनुसूचित जमात ठरविली. दाखला, राखीव जागा, नोकरी हे सारे त्या एका शब्दावर अवलंबून असल्याने मानांनी राज्य केले की नाही, हा प्रश्न आता शांतपणे विचारता येत नाही. परंपरा म्हणून नोंदलेले एक वाक्य दोन शेजाऱ्यांमध्ये तलवारीसारखे पडले आहे.

असला प्रकार आमच्याकडेच घडतो, असे नव्हे. इराकातील किरकूक येथे १९२७ साली तेलाचा प्रचंड साठा लागल्यापासून ते नगर कुर्दांचे, तुर्कमानांचे की अरबांचे, हा तंटा चालू आहे, आणि त्यात १९५७ ची खानेसुमारी वारंवार पुढे केली जाते. तीत नगरात तुर्कमान अधिक, सबंध प्रांतात कुर्द अधिक. त्यामुळे एकच पुस्तक दोघांच्याही हाती शस्त्र झाले आहे. २००५ च्या राज्यघटनेप्रमाणे २००७ च्या अखेरपर्यंत जे लोकमत घ्यावयाचे होते, ते घेतले गेले नाही. खानेसुमारी करणाऱ्यास पुढे कोणी आपल्या रकान्यांतून तेलाची मालकी काढणार आहे, याची कल्पना नव्हती. लूसी स्मिथ यांसही नव्हती.

लूसी स्मिथ काय शोधीत होते, हे येथे पाहणे अगत्याचे आहे. ते जमाबंदीचे अधिकारी. सारा कोणी भरावयाचा व किती, हा त्यांचा प्रश्न. खालसा गावांची मोजणी जशी झाली, तशी जमीनदाऱ्यांतील रानाची झाली नाही. तेथे जमीनदाराने सरकारात ठोक टाकोळी भरली की काम संपे. अशा दप्तरात राजे, जमीनदार, किल्ले, तलाव व त्यांचे हक्क दिसतात. बेवड करून गाव हलविणारा माडिया, त्याचा गायता, त्याचा पेरमा, कोणत्या झऱ्यावर कोणत्या गावाने पूजा करावी याची वाटणी, यांतील कशाचाही साऱ्याशी संबंध नव्हता. म्हणून ‘ठाकुरदेवाची यात्रा जुन्या सरकारी ग्रंथांत दाखवा’ असा जो आक्षेप निघतो, तो प्रमाणशास्त्रास धरून नाही. आपल्या शास्त्रकारांनी अनुपलब्धीस प्रमाण मानले, पण केव्हा? वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. तिला योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडात, मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही असे म्हणता येते; अंधारात दिसला नाही तर तसे म्हणता येत नाही. जमाबंदीचे दप्तर हे माडियांच्या धर्माच्या बाबतीत अंधारी खोली होय. त्यात न सापडणे याचा अर्थ नसणे असा करणारा मनुष्य इतिहासाची नव्हे, तर्काची चूक करतो.

पुढील कायद्यांनीही तोच अंधार वाढविला. १९५० च्या मध्यप्रदेशातील कायद्याने मार्च १९५१ अखेर जमीनदाऱ्या संपल्या, रान सरकारचे झाले, आणि जमीनदाराच्या काळी जो निस्तार रयत सहज भोगीत असे, तो आता परवानगीचा विषय झाला. येथे २००६ च्या वनहक्क कायद्याचे महत्त्व आम्हांस इतिहासाचे अभ्यासक म्हणून वाटते. त्याखालील २००८ च्या नियमांनी पुराव्याची व्याख्याच रुंदावली. सरकारी कागदाबरोबर देवराया, पवित्र झाडे, स्मशाने, जुन्या विहिरी, तसेच दावेदार सोडून इतर वृद्धांचे लेखी उतरविलेले निवेदन, हे सर्व पुरावा म्हणून ग्राह्य झाले. धनोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने या मार्गाने २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तो देशातील अगदी आरंभीच्या हक्कांपैकी होय. ओडिशातील नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी डोंगरिया कोंधांच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. तेथे नियमराजाचे प्राचीनत्व कोणी शिलालेखावरून सिद्ध केले नव्हते. पूजा चालू आहे, एवढे पुरे झाले.

खाण असावी की नसावी, हे ठरविणे आमच्या अधिकारातले नाही. एटापल्लीत खाणीवर मजुरीस जाणारीही गावे आहेत, आणि त्यांस पोट आहे. आमचे म्हणणे पुराव्यापुरते आहे. सुरजागडाविषयी लूसी स्मिथ यांचा अहवाल मानांची एक परंपरा, एक ढासळलेली वंशावळ व जमीनदारीच्या हद्दी यांपलीकडे काही देऊ शकत नाही. जो पुरावा आहे, तो यात्रेच्या वाटेवर आहे. आणि ती वाट आता खनिजाच्या गाड्यांची झाली आहे. कोणते गाव कोणत्या वाटेने येते, पहिला मान कोणाचा, कोणत्या दगडाशी काय ठेवतात, कोणत्या पेरम्याचा आजा तेथे उभा राहत असे, हे माडिया भाषा जाणणाऱ्याने माडियांच्याच तोंडून, तारीख व सांगणाऱ्याचे वय घालून, उतरून घेतले पाहिजे. बखरी व महजर यांसाठी संशोधकांनी पूर्वी खेड्यापाड्यांतील माळे धुंडाळले. येथे माळा नाही, सांगणारे म्हातारे तेवढे आहेत. येत्या जानेवारीच्या यात्रेस दोन तरुण अभ्यासक पाठविण्याचा विचार चालकांनी करावा. त्यांच्या सोबतीस लूसी स्मिथ यांचा अहवालही द्यावा, परंतु तो पिशवीच्या तळाशी.