लेक लाडकी योजनेतील अनुदान-गणना : एक चिकित्सा

महाराष्ट्र शासनाने ३० ऑक्टोबर २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे लेक लाडकी योजना लागू केली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांत १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलीस जन्मानंतर ५ हजार, इयत्ता पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये देण्याची तरतूद तीत आहे. योजनेच्या हेतूविषयी मतभेदाचे कारण नाही. प्रश्न आहे तो या रकमा ठरविण्यामागील गणिताचा.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात पहिलीसाठी ४ हजार व सहावीसाठी ६ हजार रुपये जाहीर झाले होते. तेव्हाची बेरीज ९८ हजार होती. पुढे हे दोन हप्ते वाढले आणि एकूण रक्कम आहेराच्या पाकिटात शोभावी अशी झाली. वाढ स्वागतार्हच, परंतु मुलीच्या आहाराचा, वह्या-पुस्तकांचा वा प्रवासाचा खर्च मोजून ती ठरली असावी, असे या आकड्यांवरून दिसत नाही.

एकूण रकमेपैकी सुमारे ७४ टक्के भाग बालपण संपल्यावर हाती येतो. उरलेले २६ हजार रुपये १८ वर्षांवर विभागल्यास दरमहा सुमारे १२० रुपये पडतात. शिवाय सर्व रकमा स्थिर आहेत. महागाईचा दर वार्षिक ५ टक्के गृहीत धरला, तर १८ वर्षांनंतरच्या ७५ हजारांचे मूल्य जन्माच्या वेळच्या सुमारे ३१ हजारांइतकेच राहते. आधीच्या माझी कन्या भाग्यश्री योजनेत एका मुलीवर कुटुंबनियोजन करणाऱ्या कुटुंबासाठी ५० हजार रुपये मुदत ठेवीत ठेवले जात. रक्कम लहान असली तरी काळाचे मोल व्याजाच्या रूपाने हिशेबात धरलेले होते. नव्या योजनेतून नेमका तोच घटक गळाला.

पात्रतेची मोजपट्टी याहून अधिक सदोष आहे. केशरी शिधापत्रिकेची १ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १९९९ मधील तिरंगी शिधापत्रिका पद्धतीतून आलेली आहे. आज तिचा अर्थ दरमहा सुमारे ८,३३३ रुपये एवढाच होतो. भाग्यश्री योजनेची सुधारित मर्यादा साडेसात लाख होती. २०२४ च्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत ती अडीच लाख ठरली. परिणामी दोन लाख उत्पन्नाच्या घरातील आई दरमहा १,५०० रुपयांस पात्र ठरू शकते, तिची नवजात मुलगी मात्र अपात्र! आईला एका वर्षात मिळणारे १८ हजार रुपये हे मुलीच्या पहिल्या तीन हप्त्यांच्या, म्हणजे जन्मापासून सहावीपर्यंतच्या, बेरजेइतके आहेत. एकाच शासनाने एकाच घराची गरिबी दोन वेगळ्या मापांनी मोजावी, याचे समर्थन करणे कठीण आहे.

अटींचा भारही विषम आहे. पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या व दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्यासाठी माता वा पित्याच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र आवश्यक केले आहे. आईवडिलांनी शस्त्रक्रिया टाळली, तर हप्ता थांबतो तो सहावीतल्या वा पहिलीतल्या मुलीचा. लोकसंख्या-धोरणाचे साधन म्हणून या अटीचा विचार होऊ शकेल. बालकाच्या गरजेशी मात्र तिचा काहीच संबंध लागत नाही. अंतिम हप्त्यासाठीची मुलगी अविवाहित असण्याची अट मात्र बालविवाह रोखण्याच्या उद्दिष्टाशी सुसंगत आहे.

योजनेच्या पहिल्या लाभार्थी जून २०२९ मध्ये पहिलीत प्रवेश घेतील. ७५ हजारांचे हप्ते एप्रिल २०४१ पासून देय होतील. अंतिम रक्कम किंमत निर्देशांकाशी जोडण्यास त्यामुळे पुरेसा अवधी आहे. उत्पन्नमर्यादेचे तसे नाही. तिच्यामुळे वगळल्या जाणाऱ्या मुली आजही जन्मत आहेत, आणि त्यांचा ५ हजारांचा पहिला हप्ता जन्मानंतरच बुडतो.