वाकळ, टायर आणि बैठक : टाकाऊ साहित्यातील शिल्परूप फर्निचर

कोल्हापूर जिल्ह्यात शिल्प म्हटले की पुतळा किंवा स्मारक डोळ्यांपुढे येते. बाबूराव पेंटर आणि रवींद्र मेस्त्री या शिल्पकारांच्या परंपरेने ही समज दृढ केली, आणि गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव तर १६७४ मध्ये तेथे धारातीर्थी पडलेल्या प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा साथीदारांच्या स्मारकासाठीच ओळखले जाते. शिल्परूप फर्निचर, म्हणजे बसण्या-झोपण्याच्या उपयोगाबरोबरच आकार, भार आणि पोत यांचा स्वतंत्र कलाविचार मांडणारी वस्तू, या समजुतीत सहजी बसत नाही. ती टाकाऊ साहित्यातून घडलेली असली, तर तिची दखल पर्यावरणाच्या सदरात घेतली जाते, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ या घोषणेखाली चार रंग फासून वर काच ठेवलेल्या टायरलाही तितकीच शाबासकी मिळते. या सरसकट कौतुकाने कलेचे नुकसानच केले आहे.

टाकून दिलेली वस्तू नव्या रचनेत भार पेलते की केवळ शोभेपुरती चिकटवलेली असते, हा येथे खरा निकष असायला हवा. मुंबईत अनू टंडन व्हिएरा यांच्या ‘द रिटायरमेंट प्लॅन’ या उपक्रमातील बैठका या कसोटीला उतरतात. त्यांत टायर हाच सांगाडा असतो आणि कापडउद्योगातील चिंध्या त्यावर ताणून विणल्या जातात, तेही वेत-बांबूच्या कामात हात बसलेल्या स्थलांतरित कारागिरांकडून. मोझांबिकचे क्रिस्तोव्हाव कान्हावातो यांनी २००१ मध्ये यादवी युद्धातील निकामी बंदुकांतून घडवलेले सिंहासन आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातही शस्त्रेच पाय, पाठ आणि हात होतात, म्हणून त्याचा अर्थ वरून लादलेला वाटत नाही.

नेसरी परिसराच्या दृष्टीने अधिक विचारणीय उदाहरण डच रचनाकार तेयो रेमी यांच्या १९९१ च्या चिंध्यांच्या खुर्चीचे आहे. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक दाबून पोलादी पट्ट्यांनी आवळलेली ही खुर्ची जगभरच्या रचनाविषयक ग्रंथांत स्थान मिळवून बसली; परंतु जुन्या लुगड्या-धोतरांचे थर दाट धावदोऱ्याने एकजीव करणारी वाकळ कोल्हापूरच्या खेड्यांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शिवत आल्या आहेत, आणि थर, कडा व जोड न लपवण्याचे तेच शहाणपण तिच्यात कमी प्रतीचे नाही. फरक एवढाच की वाकळ अंथरली-पांघरली जाते, तिला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागत नाही. उभे राहण्यासाठी लागणारा ताण दोरीने विणलेल्या खाटेच्या, म्हणजे बाजेच्या, विणीत आहे. बाजेच्या पायथ्याकडची दोरी ओढली की सैल पडलेली सारी वीण पुन्हा घट्ट होते. आणि अशा वस्तूच्या सांगाड्यासाठी लोखंड जोडणारे हात इथल्याच ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या वर्कशॉपमध्ये आहेत. वाकळ शिवणारी बाई, बाज विणणारा आणि वेल्डर यांना एकाच वस्तूवर काम देणारा शिल्पकार मात्र कलाशिक्षणाने घडवायचा असतो, आणि व्यक्तिशिल्पाच्या सरावावर भर देणाऱ्या अभ्यासक्रमात बैठकीला आजही शिल्पाचा विषय मानले जात नाही.