गॉल्गीचे टपालघर

पेशीचे प्रकरण शिकवताना गॉल्गी संकुलाला ‘पेशीचे टपालघर’ म्हणण्याची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. मागे एका शिक्षक-वर्गात एका बाईंनी आम्हाला विचारले, ‘सगळी प्रथिने टपालघरातून जातात, तर तंतुकणिकेची तिथून कोणत्या वाटेने निघतात?’ प्रश्न बिनतोड होता. ती तिथे जातच नाहीत. त्यातली बहुतेक पेशीद्रवातल्या मोकळ्या रायबोसोमवर तयार होऊन थेट तंतुकणिकेत शिरतात. केंद्रकाची प्रथिनेही केंद्रकपटलाच्या छिद्रांतून परस्पर आत जातात.

उपमेचा दुसरा दोष आम्हाला अधिक गंभीर वाटतो. पत्र आधी लिहून होते, मग त्यावर पत्ता घालतात, मग ते पेटीत पडते. पेशीत तसे नाही. गुंटर ब्लोबेल व डेव्हिड सबातिनी यांनी १९७१ मध्ये मांडलेली, आणि ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळवून देणारी कल्पना अशी, की पत्ता प्रथिनाच्या साखळीतच, तिच्या आरंभी असतो. साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा हा तुकडा रायबोसोममधून डोकावताच एक कण त्याला धरतो, साखळीची बांधणी मंदावते आणि रायबोसोमसकट सारे आंतर्द्रव्यजालिकेला जाऊन चिकटते. म्हणजे पहिली ओळ लिहिताच पत्रासकट लेखकालाच उचलून टपालात नेले! पुढे तो तुकडा बहुधा कापून टाकला जातो. शिवाय हा पत्ता पिनकोडसारखा आकडा-आकडा जुळवून वाचला जात नाही. निरनिराळ्या प्रथिनांत त्यातल्या आम्लांचा क्रम निराळा असतो. पाण्याला टाळणाऱ्या आम्लांचा सलग पट्टा असला की काम भागते. पहिली मोठी निवड गॉल्गीच्या आधीच झालेली असते, आणि नेमके तेच ही उपमा झाकून टाकते.

मग ती टाकून द्यावी का? नाही. लयकारिकेच्या विकरांपाशी ती शोभते. त्यांच्यावर मॅनोज-६-फॉस्फेटची खूण गॉल्गीतच लागते. आय-सेल या दुर्मिळ आनुवंशिक आजारात ही खूण लावणारे विकर निकामी असते. पाचक विकरे तयार होतात, पण लयकारिकेत न पोचता पेशीबाहेर पडतात. रक्तात त्यांची रेलचेल आणि पेशीत न पचलेल्या मालाचे ढीग! बाळांची वाढ खुंटते. बहुतेक लहानपणीच दगावतात. हे उदाहरण सांगितले, तर ‘पत्ता नसेल तर काय होईल?’ असे मुले आपणहून विचारतील. टपालघराचे चित्र फळ्यावर जरूर काढावे; फक्त त्यातून तंतुकणिकेकडे बाण नेऊ नये.