‘अस्तु’ म्हणायचं कुणी?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) तुम्ही पाहिला असेल, तर पुन्हा एकदा पाहा, आणि या वेळी नजर इरावर ठेवा. बहुतेकांच्या लक्षात राहते ती अमृता सुभाषची चन्नम्मा. साहजिकच आहे. अल्झायमर झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत हरवतात आणि माहुताची ही कानडी बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. ते तिला आई समजतात. तीही आई होते. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. (शास्त्री झालेले मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. विस्मरण ते कुठेही ‘करून दाखवत’ नाहीत.)

माझी तक्रार वाटणीबद्दल आहे. चित्रपटाने श्रद्धा चन्नम्माला दिली आणि शोक मुलीला, इराला. चन्नम्माला हा म्हातारा जसा आहे तसा चालतो, कारण तो आधी कसा होता हे तिला ठाऊकच नाही. इराला ते रोज आठवतं. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक अशा दुःखाला संदिग्ध वियोग म्हणतात. त्याचे दोन प्रकार: माणूस समोर आहे पण मनाने नाही, किंवा मनात आहे पण देहाने बेपत्ता. इराच्या वाट्याला दोन्ही एकदम येतात. या वियोगाला ना सुतक, ना तेरावा, ना भेटायला येणारी माणसं. मग ‘अस्तु’ म्हणायचं कधी?

आणि श्रद्धेने तरी शोक हलका होतो का? लेकीचं नाव विसरलेली आई रामरक्षा मात्र अनेकदा न अडखळता म्हणते. शेजारी बसलेल्या लेकीला त्याने बरं वाटतं आणि लागतंही. देवाचं नाव राहिलं, माझं गेलं! ही गाठ चन्नम्मापाशी सापडणार नाही. चित्रपटाने ती इरापाशी आणखी उकलायला हवी होती.

रविवारी व्हिडिओ कॉल करणारे आपण स्वतःला इरा समजतो. मला शंका आहे. पडद्यावर आई हसली की ‘किती शांत झालीय, देवाची कृपा’ म्हणून आपण फोन ठेवतो. तिकडे वहिनी त्या दिवसातली तिसरी चादर बदलत असते. तिला आपण ‘त्याची इच्छा’ असं सांगतो, तेव्हा ती काय उत्तर देते, ते कधी नीट ऐकलंय तुम्ही?