लोखंडी नांगर आणि ‘अडाणी’ शेतकरी

लक्ष्मणराव किर्लोस्करांची (१८६९–१९५६) गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना तोंडपाठ असते. चित्रकार व्हायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांकडे वळले. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी वसली. स्टेशनचं नावसुद्धा बदललं.

या गोष्टीत एक प्रसंग हमखास येतो. लोखंडाने जमिनीला विष लागेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. टाळ्या मिळवणारा प्रसंग आहे. पण मी अवजारांच्या इतिहासावर पीएचडी करतेय, आणि हाच प्रसंग मला सगळ्यात कच्चा वाटतो.

का? लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच असायचा. कुळवाची पास लोखंडाची, विळा-खुरपं लोखंडाचं. म्हणजे लोखंड शेतात पिढ्यान्‌पिढ्या फिरतच होतं. कुणी ‘विष लागेल’ म्हणालं असेलही. दारात आलेल्या विक्रेत्याला आपण काहीतरी कारण सांगतोच की! पण तेवढ्यावर सगळ्या नकाराचा उलगडा होत नाही.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडू. लाकडी नांगराचा फाळ बोथट झाला की गावातला लोहार तो तापवून, ठोकून धार लावून द्यायचा. लाकूड मोडलं तर सुतार. दोघेही बलुतेदार, मोबदला सुगीनंतर धान्यात. नव्या नांगराचा फाळ बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बीड ठिसूळ असतं, घणाखाली घडत नाही, तुटतं. फाळ झिजला की नवा विकत घ्यायचा, तोही रोख पैशाने. नांगरटीच्या ऐन दिवसांत तो मोडला आणि सुटा भाग मिळाला नाही, तर? अशा वेळी थांबून बघणं याला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही.

विज्ञानाच्या समाजशास्त्रात डेव्हिड ब्लूर यांनी १९७६ मध्ये एक तत्त्व मांडलं. सोप्या भाषेत, खऱ्या ठरलेल्या आणि खोट्या ठरलेल्या समजुतींना एकच न्याय लावा. पुढे तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी ते यशस्वी-अयशस्वी यंत्रांनाही लावलं. आपली गोष्ट नेमकं उलट करते. शेतकऱ्याने नांगर नाकारला तर कारण अज्ञान, आणि घेतला तर कारण नांगराचा चांगुलपणा! दोन्ही वेळा शेतकऱ्याला डोकं नाहीच.

खरं तर घेण्यामागेही हिशेबच होता. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोल मुळं धरतात. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलथतो, मुळं वर आणतो. जड लाकडी नांगराला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत, इथे कमी बैलांत भागायचं. हा फायदा शेतात दिसल्याशिवाय आणि सुट्या फाळांची खात्री पटल्याशिवाय माणूस पैसे कसे मोकळे करेल?

यात लक्ष्मणराव लहान होत नाहीत, माझ्या मते मोठेच होतात. अडाण्यांना शहाणं करणारा महापुरुष हे चित्र गुळगुळीत आहे. चोखंदळ गिऱ्हाइकाला पटेल असं अवजार इथल्या मातीत करून दाखवणं जास्त अवघड. आणि ते एकट्याचं काम नव्हतंच. औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि कर्ज दिलं, सहकाऱ्यांनी आराखडे, ओतकाम, हिशेब सांभाळले. वाडीच्या आठवणींत ही माणसं निदान नावानिशी येतात. नाव नसतं ते गिऱ्हाइकाला.

‘जुन्या गोष्टीवर एवढा कीस कशाला?’ असं वाटेल. पण हे वाक्य जुनं झालेलं नाही. नवं यंत्र किंवा मोबाइल ॲप शेतात चाललं नाही की ‘शेतकरी बदलायला तयार नाहीत’ हे आजही सहज म्हटलं जातं. दुरुस्ती कोण करणार, सुटा भाग किती दिवसांत येणार, पैसे कुठल्या महिन्यात भरायचे, हे प्रश्न मग विचारायचे राहूनच जातात. शेतकरी मात्र ते शंभर वर्षांपूर्वीही विचारत असणार.