छायाचित्रावरील सही आणि आकडा

गेल्या हिवाळ्यात वरच्या वर्गातील मुलांना घेऊन मी एका छायाचित्र-प्रदर्शनास गेलो होतो. प्रत्येक प्रतीखाली शिसपेन्सिलीने छायाचित्रकाराची सही होती आणि तिच्या डावीकडे ३/२५ असा आकडा. एका मुलाने विचारले, "सर, याला पंचवीसपैकी तीनच गुण का?" मी सांगितले की हे गुण नव्हेत; पंचवीस प्रतींपैकी ही तिसरी प्रत. त्यावर तो म्हणाला, "मग चौथी याहून वाईट असते का?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे देता आले नाही. ते येथे देण्याचा यत्न करतो.

ही चाल छायाचित्रणाची स्वतःची नव्हे. ती ठशाच्या चित्रांकडून आली. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेषा ओरखडून ठसे घेतले, म्हणजे दाबाखाली त्या रेषांच्या कडा झिजत जातात. पहिल्या ठशांची मखमल शेवटच्या ठशांत उरत नाही. तेथे प्रती थोडक्या असणे ही साधनाचीच गरज होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिसलरसारख्या चित्रकारांनी अशा ठशांवर पेन्सिलीने सही करण्याची रीत रूढ केली. छायाचित्राच्या निगेटिव्हला मात्र अशी झीज नाही. पंचविसावी प्रत तिसरीइतकीच, क्वचित तिच्याहूनही सरस निघते. तेव्हा येथे आकडा गुण सांगत नाही. तो केवळ वचन देतो की सव्विसावी प्रत निघणार नाही.

आपल्याकडे हा आकडा एके काळी नेमके उलट बोलत असे. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस असताना छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांच्या अनेक प्रतींच्या खालच्या कडेस नाव व क्रमांक आढळतो. तो निगेटिव्हवरच लिहिलेला असल्याने प्रत्येक प्रतीत उतरे. हा यादीतील क्रमांक होय. त्यावरून चित्र ओळखावे आणि हवी तर आणखी प्रत काढावी. तो आकडा दार उघडी, आजचा आकडा दार लावतो.

दार लावण्यात गैर काही नाही. कलावंतासही पोट आहे, आणि दुर्मिळतेला मोल असते. परंतु वचन दिले की ते कशाचे, हेही सांगितले पाहिजे. २०१२ साली अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांच्या ३६ मोठ्या डिजिटल प्रती न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे ५९ लाख डॉलरांस गेल्या. त्यांतील काही चित्रांच्या लहान, निराळ्या प्रक्रियेच्या मर्यादित प्रती पूर्वीच विकल्या गेल्या होत्या. त्या बाळगणाऱ्या एका संग्राहकाने दावा लावला. २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. आकार व प्रक्रिया निराळी, म्हणून आवृत्तीही निराळी, असा निवाडा झाला. कायद्याने ते ठीक असेल. पण प्रतीवरचा आकडा वाचणाऱ्या साध्या माणसास हा भेद कसा कळावा?

याउलट अँसल अ‍ॅडम्स यांचे 'मूनराइझ, हर्नांडेझ' पाहा. १९४१ साली टिपलेल्या या चित्राच्या तेराशेहून अधिक प्रती त्यांनी काढल्या, तरी २००६ मध्ये एक प्रत सहा लाख डॉलरांवर विकली गेली. सुरुवातीच्या प्रतींत आकाश उजळ आहे, नंतरच्यांत ते गडद काळे होत गेले. पियानोवादक होऊ पाहिलेले अ‍ॅडम्स निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रतीला वादन मानीत. आपल्या भाषेत सांगायचे तर बंदिश एक, मैफली अनेक. मैफल कितवी हे रसिक विचारीत नाही. कोण गायले आणि केव्हा गायले, हे विचारतो.

म्हणून माझे मत असे : सही अवश्य असावी, कारण ती जबाबदारी आहे. 'ही प्रत मी पाहिली, मान्य केली', एवढे ती सांगते. तिच्याजवळ प्रत काढल्याचे वर्ष असावे. आकडा घालायचाच, तर आकार, प्रक्रिया आणि कलावंताने स्वतःसाठी राखलेल्या प्रती यांचीही नोंद मागील बाजूस असावी. एवढे नसेल तर तो आकडा बाजाराचा होय, कलेचा नव्हे.

त्या मुलास आता सांगेन : चौथी प्रत वाईट नसते. आकडा चित्राची परीक्षा घेत नाही. तो चित्रकाराच्या शब्दाची परीक्षा घेतो.