विद्यापीठाची जर्सी, गावचे मैदान
धाराशिवच्या खो-खोचा इतिहास कोणत्या दप्तरात शोधायचा?

एस्टोनिया या बाल्टिक समुद्राकाठच्या चिमुकल्या देशात तार्तू नावाचे शहर आहे. तिथले विद्यापीठ १६३२ सालचे. या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १९४९ मध्ये थेट सोव्हिएत संघाचे अजिंक्यपद मिळवले. पुढे सोव्हिएत सत्ता गेली, खेळाडू पगारी झाले, क्लब मोडले आणि पुन्हा जोडले गेले, पुरस्कर्त्यांची नावे संघाच्या नावाला चिकटली आणि सुटली. 'तार्तू विद्यापीठ' हे दोन शब्द मात्र आजच्या व्यावसायिक संघाच्या नावात आहेत. माद्रिदचा 'एस्तुदियांतेस' हा त्याचाच चुलतभाऊ म्हणावा असा क्लब. १९४८ मध्ये एका माध्यमिक शाळेच्या मुलांनी तो सुरू केला; नावाचा अर्थच 'विद्यार्थी'. तिथल्या विद्यार्थ्यांचे आजोबा झाले तरी क्लबचे नाव तेच राहिले. अशा क्लबांचा इतिहास लिहिणाऱ्याला एक मोठी सोय असते. संस्था एक, नाव एक, दप्तर एक. सामन्यांच्या नोंदी, खेळाडूंचे करार, पैशांवरून झालेली भांडणे हे सगळे एका कपाटात नसले तरी एका गावात सापडते.

आपल्याकडे विद्यापीठाच्या नावाने चालणारा व्यावसायिक क्लब नाही. बास्केटबॉलमध्ये नाही, इतर खेळांतही नाही. बास्केटबॉल हा खेळ मुळात शिक्षणसंस्थेत जन्मला. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत नेस्मिथने तो रचला. भारतात तो वायएमसीएच्याच हाताने पसरला. १९२० मध्ये मद्रासला निघालेल्या तिच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा. पण २०१५ मध्ये व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा खेळ मांडला गेला तेव्हा 'पुणे पेशवाज' आणि 'मुंबई चॅलेंजर्स' असे शहरांच्या नावाचे संघ उभे राहिले. त्यांच्यामागे ना महाविद्यालय होते, ना जुना क्लब. २०१७ नंतर ती लीग थांबली आणि संघही हवेत विरले. ज्या संघाला मैदान नाही, सभासद नाहीत, त्याच्या मागे इतिहास तरी काय उरणार?

तेव्हा विद्यापीठ, क्लब आणि व्यवसाय या तिघांचा संबंध महाराष्ट्रात तपासायचा, तर बास्केटबॉलचे कोर्ट सोडून खो-खोच्या मैदानावर यावे लागते. आणि खो-खोच्या मैदानावर यायचे, तर धाराशिवला यावेच लागते. पावसाच्या भरवशावरचा, उद्योग फारसे नसलेला हा जिल्हा. राष्ट्रीय स्तरावर त्याचे नाव तुळजाभवानी सोडली तर सहसा दुष्काळाच्या बातमीत येते. त्याने भारतीय महिला संघाला सारिका काळे ही कर्णधार दिली. २०१६ च्या गुवाहाटीतील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता. याआधी १९९८ मध्ये शोभा नारायण यांना मिळाला होता. त्या वर्षी करोनामुळे राष्ट्रपतींच्या हस्ते होणारा सोहळाही पडद्यावरच झाला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८–४० असे हरवले, त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एक-दोन नावांवर ही परंपरा थांबत नाही. राज्य स्पर्धांच्या बातम्यांत धाराशिवच्या मुलींचा संघ सातत्याने अखेरच्या फेऱ्यांत दिसतो.

मग याचा इतिहास कुठे आहे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर देताना मराठी क्रीडालेखनाच्या तीन प्रकारांची झाडाझडती घ्यावी लागते.

पहिला प्रकार वर्तमानपत्री वृत्तान्ताचा. तो वाङ्मयप्रकार मानला जात नाही, पण मला तो तसा वाटतो. खो-खोच्या बातमीला तिचे स्वतःचे व्याकरण आहे. कोणी किती मिनिटे किती सेकंद संरक्षण केले, कोण नाबाद राहिली, कोणी किती गडी टिपले, डावाने जिंकले की एका गुणाने. विशेषणे जवळजवळ नाहीत. कबड्डीच्या बातमीत खोलवर चढाया असतात, 'थरार' असतो. खो-खोच्या बातमीत घड्याळ असते. धावणाऱ्या मुलीने पाठलाग करणाऱ्या नऊ जणींसमोर दोन मिनिटे वीस सेकंद काढली, म्हणजे नेमके काय झाले हे ज्याने एकदा मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले आहे, त्याला त्या आकड्यातच सगळे दिसते: खांबाजवळची हुलकावणी, साखळीतली पळती, शेवटी सूर मारून लागलेला हात. हा वृत्तान्त कोरडा आहे अशी तक्रार साहित्यिक मंडळी करतात. मला तो प्रामाणिक वाटतो. पण त्याची एक मोठी उणीव आहे. तो प्रत्येक सामन्यानंतर संपतो. खेळाडू आज जिल्ह्याकडून, उद्या विद्यापीठाकडून, परवा नोकरी देणाऱ्या खात्याकडून खेळते. तिची मिनिटे आणि तिचे गडी तीन वेगळ्या संघांच्या खात्यावर पडतात आणि एकत्र कधीच मोजले जात नाहीत.

दुसरा प्रकार स्मरणिकांचा आणि गौरवग्रंथांचा. त्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. शुभेच्छा संदेश, जाहिराती, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि मधूनच एखादा अनमोल तक्ता. संशोधकाने तक्ता उतरवून घ्यावा आणि पुढे जावे.

तिसरा प्रकार अलीकडे फोफावलेला आहे: संघर्षकथा. सारिका काळेला पुरस्कार मिळाला तेव्हा जवळजवळ सगळ्या बातम्यांचा मथळा भुकेचा होता. घरी एकवेळच्या जेवणावर दिवस काढून ही मुलगी खेळली, ही तिने स्वतः सांगितलेली हकिगत. ती खरी आहे आणि ती सांगण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आक्षेप वेगळा आहे. या कथेत भूक आहे आणि पदक आहे. मधली दहा-बारा वर्षे नाहीत. शिबिरात मिळणारे जेवण कोणाच्या पैशातून आले? सरावाचे मैदान कोणाचे? चंद्रजित जाधव यांच्यासारखा प्रशिक्षक एका जिल्ह्याच्या गावात वर्षानुवर्षे मुली घडवत राहतो, त्याच्या पाठीशी कोणती मंडळे, कोणत्या शाळा, कोणते महाविद्यालय उभे असते? संघर्षकथा ही संस्था पुसून टाकते आणि एकट्या व्यक्तीला उजेडात धरते. वाचकाला गहिवर येतो, पण दुसरी सारिका कशी तयार होते, हे कळत नाही. आणि धाराशिवमध्ये तर दुसरी, तिसरी, चौथी तयार झाली आहे. म्हणजे जे घडले ते एकीच्या जिद्दीवर भागणारे नव्हते. मागे काही यंत्रणा होती. त्या यंत्रणेचे वर्णन मराठीत कुठेही नीट झालेले नाही.

या यंत्रणेत विद्यापीठाचे स्थान काय? आपल्या विद्यापीठाचा संघ ही वर्षातून एकदा जन्मणारी आणि एकदाच मरणारी गोष्ट आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, निवड होते, शिबिर लागते, जर्सी वाटल्या जातात, संघ 'अश्वमेध'ला किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, परत येतो आणि विसर्जित होतो. पुढच्या वर्षी नवे खेळाडू, कदाचित नवा व्यवस्थापक. तार्तूच्या संघाला सभासद आहेत, प्रेक्षक आहेत. आपल्या विद्यापीठाच्या संघाला फक्त प्रवेशअर्ज आहेत. खरा क्लब गावात असतो, मंडळाच्या नाहीतर जिल्हा संघटनेच्या रूपात. विद्यापीठ त्या तयार खेळाडूला तीन-चार वर्षे आपले नाव देते, बदल्यात प्रमाणपत्र देते. आणि हे प्रमाणपत्र हलक्यात घेण्यासारखे नाही. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात शेतमजुराच्या मुलीसाठी खो-खोचा व्यवसाय म्हणजे लीगचा करार नव्हे. तो म्हणजे हा कागद. सारिका काळे स्वतः तालुका क्रीडा अधिकारी झाली. या कागदाला बाजारात किती किंमत आहे, हे राज्यात उघडकीस आलेल्या बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी पुरेसे सिद्ध केले आहे. निरुपयोगी वस्तूची कोणी नक्कल करत नाही.

अमेरिकेचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण तिथे ढोंग उलट दिशेचे होते. तिथल्या विद्यापीठांचे संघ दूरचित्रवाणीवरून अब्जावधी डॉलर मिळवत आणि खेळाडूंना 'हौशी' म्हणवत. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या दाव्याला धक्का दिला, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. आपल्या विद्यापीठाच्या संघाच्या सामन्यांना तिकीटच नसते, तेव्हा वाटायला पैसा नाही. पण देवाणघेवाण आहेच. नोकरीची आशा हे आपल्याकडचे मानधन. तिचा हिशेब मांडल्याशिवाय या खेळाचा इतिहास लिहिणे म्हणजे ऊस न पाहता साखरेवर लिहिणे.

व्यावसायिक लीगही आली. 'अल्टिमेट खो खो'चा पहिला हंगाम ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झाला. सहा संघ, मालकांत मोठी उद्योगघराणी आणि ओडिशाचे सरकारही. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजना ४६–४५ असे एका गुणाने हरवले. दुसरा हंगाम कटकला, जानेवारी २०२४ मध्ये गुजरात जायंट्सने जिंकला. नऊ मिनिटांची पाळी सात मिनिटांची झाली, मातीची जागा मॅटने घेतली, कोणत्याही दिशेने पळू शकणारा 'वजीर' आला, सूर मारून गडी टिपला की जादा गुण. काही जुन्या खेळाडूंना वजीर खटकतो. मला तो खटकत नाही. एकदा वळलात की दिशा बदलायची नाही, या नियमातली शिस्त सुंदर होती हे मात्र खरे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या खेळाचे नियम बांधले आणि १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते नव्याने घातले, तेव्हाही मैदानाची मापे बदललीच होती. बदल हा या खेळाचा जुना सोबती आहे.

खटकते ते दुसरेच. ज्या राज्याने हा खेळ घडवला, त्याच्या नावाचा एकच संघ लीगमध्ये होता, आणि तोही मुंबईचा. मराठवाडा नाही, पश्चिम महाराष्ट्र नाही. आणि दोन्ही हंगाम पुरुषांचे. धाराशिवची कीर्ती ज्यांच्यामुळे आहे, त्या मुलींना या व्यवसायात जागाच नव्हती. लीगच्या बातम्यांनी भरलेल्या क्रीडापानांत हा मुद्दा जवळजवळ आला नाही. नव्या नियमांची चर्चा झाली, लिलावासारख्या खेळाडूनिवडीची झाली, रोषणाईची झाली. ज्या गावात व्यावसायिक दर्जाचे खेळाडू तयार होतात ते गाव व्यवसायाच्या नकाशावर का नाही, हा प्रश्न विचारणारे लेखन मला आढळत नाही. मराठी क्रीडासमीक्षा अजून सामन्याच्या निकालाजवळच थांबते. मालकीचा प्रश्न तिला आपला वाटत नाही.

ज्याला हा इतिहास लिहायचा आहे, त्याच्यापुढे आणखी एक गुंता आहे, आणि तो खास मराठवाड्याचा आहे. नावांचा. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद, आणि ज्या विद्यापीठाकडे इथली मुले शिकायला पाहत ते १९१८ चे हैदराबादचे विद्यापीठही त्याच उस्मानच्या नावाचे. डेक्कन जिमखान्याचे नियम तयार होत होते ते या सीमेच्या पलीकडे. म्हणजे पुण्याच्या खो-खोचा इतिहास जसाच्या तसा पूर्वेकडे ओढून तो मराठवाड्याचा म्हणता येत नाही. बडोद्याहून १९३६ पासून निघालेल्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या व्यायामज्ञानकोशाच्या दहा खंडांसारखा आधार पश्चिमेकडच्या संशोधकाला मिळतो. निजामी मराठवाड्यातल्या मैदानांची अशी नोंद हाती नाही. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९८२ मध्ये जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. त्याआधीच्या 'उस्मानाबाद जिल्हा' संघातले किती खेळाडू आजच्या लातूरचे, हे गावनिहाय तपासावे लागेल. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यासाठी झालेल्या दीर्घ लढ्याचे आणि त्यात गेलेल्या जिवांचे इतिहास आहेत. पण त्या वर्षांत विद्यापीठाचा संघ कोणाकोणाचा होता, वसतिगृहातला आणि वस्तीतला मुलगा एकाच साखळीत बसत होता का, हे कोणी विचारलेले नाही. जर्सीच्या पाठीवरची अक्षरे १९९४ च्या आधीची आणि नंतरची वेगळी आहेत. जुन्या छायाचित्रांतून ती जुळवून पाहता येतील. विद्यापीठाचे उपकेंद्र २००४ मध्ये उस्मानाबादला आले, आणि २०२३ मध्ये त्या गावाचे अधिकृत नाव धाराशिव झाले.

त्यामुळे आज तिशीतल्या एखाद्या खेळाडूच्या फाइलमध्ये शालेय स्पर्धेचे प्रमाणपत्र उस्मानाबादचे असते, तिची धाकटी बहीण त्याच मैदानावरून धाराशिवच्या नावाने खेळते. जिल्हा संघटनेची जुनी इतिवृत्ते, महाविद्यालयांची हजेरीपुस्तके, शाळांच्या कपाटातल्या ढाली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंचांनी पेन्सिलीने भरलेली गुणपत्रके: एवढे साहित्य एकत्र आले तर पहिले काम होईल ते नामसूचीचे. एकाच मुलीची जिल्ह्याकडची, विद्यापीठाकडची आणि खात्याकडची मिनिटे एका ओळीत मांडण्याचे. गुणपत्रके बहुधा स्पर्धा संपली की रद्दीत जातात. ज्यांच्या घरी ती अजून असतील, ते जुने पंच आता सत्तरीच्या पुढे आहेत.